बारगीर

मागच्या जुलैतल्या एका संध्याकाळी माझी बुलेट मेन स्टँडवर चढेना. तशी ती आपखुशीनं कधीच चढली नव्हती. एकशे नव्वद किलोच्या घरातलं धूड ते. पण स्टँड लावण्यात ताकद कमी आणि तंत्र जास्त असतं. उजव्या पायानं स्टँडच्या दांडीवर सगळं अंग टाकायचं, हातांनी ओढायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं. गाडी आपली आपण मागं सरकून उभी राहते. तेरा वर्षं मी हे न बघता करत आले होते. त्या दिवशी पाय दांडीवर होता, अंगही टाकलं होतं, आणि उजव्या खांद्यात सुरी फिरवल्यासारखी कळ आली. गाडी जागची हलली नाही. पाऊस भुरभुरत होता. समोरच्या चहाच्या टपरीवरचे तिघे उठून आले, त्यांनी गाडी उभी केली आणि काही न बोलता परत जाऊन बसले. काही न बोलता मदत होणं कोलकात्यात किती दुर्मिळ आहे ते इथं राहणाऱ्यांना कळेल. माझा चेहराच तसा झाला असावा.

डॉक्टरीणबाईंनी हात तीन-चार दिशांना वळवून पाहिला आणि ‘फ्रोझन शोल्डर’ असं सांगितलं. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना हमखास गाठणारं दुखणं. सांध्याभोवतीचं आवरण जाड आणि ताठ होतं, हात वर जाईना, पाठीमागं तर जाईच ना. बहुतेकांचं सुटतं, पण वेळ लागतो, कधी वर्ष, कधी त्याहून जास्त. वय? सत्तेचाळीस. काम? भाषांतर. म्हणजे टायपिंग? हो. आणखी काही जड उचलता का? मी बुलेटचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी मूळची सांगलीची. आमच्याकडे ‘गाडी’ म्हणजे दुचाकी. ‘गाडीवर आलीस का?’ असं कुणी विचारलं की त्यात मोटारीचा संबंध नसतो. बंगालीत ‘गाडी’ म्हणजे मोटार; दुचाकी ती ‘बाइक’. 1998 साली जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचं एम.ए. करायला आले तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरी दोन गाड्या आहेत, असं मी वर्गात सहज बोलून गेले. एक वडिलांची चेतक, दुसरी आईची लुना. पुढचे सहा महिने मी कुणा साखरसम्राटाची लेक आहे अशा समजुतीत कँटीनचं बिल माझ्याकडे सरकत राहिलं. बुद्धदेव बसूंनी 1956 साली सुरू केलेला तो विभाग. शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना कसे घसरतात यावर आम्ही तिथं लांबलचक निबंध लिहायचो. माझी पहिली घसरण अशी चहा-टोस्टच्या हिशेबात निघाली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात होते. सत्तरच्या दशकात त्यांच्याकडे राजदूत होती, एकशे पंचाहत्तर सीसीची. खोडशीपासून निघणाऱ्या कृष्णा कालव्याच्या कडेकडेनं, मुरमाच्या वाटेवरून त्यांनी ती वर्षानुवर्षं हाकली. दूधवाल्यांची आणि खात्याच्या माणसांची गाडी. दिसायला बैलासारखी, आणि चिडली की बैलासारखीच जागेवर बसायची. मग चेतक आली, बऱ्याच वर्षांच्या नंबरानंतर, कारण त्या काळी स्कूटर पैसे भरून लगेच मिळत नसे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंबर दुखायला लागली तशी त्यांनी चेतक विकून बजाजची एम-80 घेतली. पंचाहत्तर सीसी, दोन-स्ट्रोक, हातातले गिअर, चाकं मोठी, वजन बेताचं. आईनं त्यांना विचारलं होतं, “आता यानंतर काय, सायकल?” ते म्हणाले, “अगं, गिअर खाली घेतल्याशिवाय चढ चढत नाही.”

हे ते अगदी सरळ म्हणाले होते. त्यांना सुभाषितं सुचत नसत. खरोखरच ते गाडीच्या चढाबद्दल बोलत होते, कारण एम-80 ला हरिपूरच्या वाटेवरची एक चढण दुसऱ्या गिअरवर घेता येत नसे.

मी शिकले लुनावर, मग चेतकवर. पण मोटरसायकलवरची मांड मिळाली ती मावसभावाच्या आरएक्स हंड्रेडमुळे. यामाहाची ही गाडी 1985 साली आली आणि 1996 साली बंद झाली, आणि मधल्या दहा-अकरा वर्षांत तिनं एका सबंध पिढीची डोकी फिरवली. जेमतेम शंभर किलो वजन, अठ्ठ्याण्णव सीसी, आणि मूठ पिळली की खालून गाडी निघून जाईल की काय अशी भीती. भावाचं विलिंग्डन कॉलेज सुटलं की तो दोन तास क्रिकेट खेळायचा. ते दोन तास गाडी माझी. गल्लीत बोलणी व्हायची. स्कूटरवर बाई बसली तर चालतं, दोन्ही पाय एका बाजूला ठेवता येतात याची सगळ्यांना खात्री असते. मोटरसायकलच्या टाकीला दोन्ही बाजूंनी गुडघे लावून बसलेली मुलगी हे निराळं प्रकरण होतं. अण्णांनी एकदाच विषय काढला, “प्लग काळा पडतोय का बघ. दोन-स्ट्रोक आहे, ऑइल जास्त झालं तर धूर मारते.” त्यांची परवानगी मी त्यातच वाचली.

गाडी भावाची, पेट्रोल निम्मं माझं. याला मराठीत एक जुना शब्द आहे, तो मला कोलकात्यात येऊन सापडला.

मराठ्यांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला यायचा. बारगिराला घोडा सरकारातून किंवा सरदाराकडून मिळायचा. स्वार तो, घोडा दुसऱ्याचा. 1742 पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर येऊ लागल्या आणि 1751 च्या तहापर्यंत येत राहिल्या. त्यातला ‘बारगीर’ बंगालीत ‘बर्गी’ झाला आणि थेट अंगाईत जाऊन बसला. पोरं झोपलीत, वस्ती शांत झालीय, आणि देशात बर्गी आलेत, अशा अर्थाची ती अंगाई आजही प्रत्येक बंगाली घरात पाठ असते. गंगाराम नावाच्या कवीनं त्याच सुमारास ‘महाराष्ट्र पुराण’ लिहून ठेवलं. त्यातलं गावं जाळल्याचं, बायकांवरच्या अत्याचारांचं वर्णन वाचताना मला घाम फुटला होता. शाळेत आम्हाला अटकेपार झेंडे शिकवले, हे कुणी शिकवलं नाही. कोलकात्याच्या लोकांनी तर मराठ्यांच्या धास्तीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत, तीनेक मैल खणून झाला, मराठे शहरात आलेच नाहीत, काम तसंच राहिलं. पुढं त्याच्याच मार्गानं सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली अजून आहे.

लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंना, म्हणजे आमच्या माँना, मी मराठी असल्याचा फारसा धक्का बसला नाही. बसला तो मी पहिल्यांदा घरी आले तेव्हा, कारण मी मोटरसायकलवरून उतरले. त्यांनी गॅलरीतून खाली पाहिलं आणि आतल्या लोकांना सांगितलं, “बर्गी आली. घोड्यासकट.” हा विनोद त्यांनी पुढं पंधरा वर्षं चालवला, आणि प्रत्येक वेळी त्या स्वतःच आधी हसत.

ती मोटरसायकल माझी स्वतःची पहिली. 2001 साली एका निवृत्त पोस्टमास्तरांकडून घेतलेली सेकंडहँड स्प्लेंडर. घोडा माझा झाला, मी शिलेदार झाले. आरएक्स हंड्रेडनंतर स्प्लेंडर म्हणजे तमाशानंतर कीर्तन. पण कोलकात्यात तीच बरी. इथं रस्त्यावर वेग काढायला जागाच नसते, आणि पावसाळ्यात ठनठनिया, आमहर्स्ट स्ट्रीट, कॉलेज स्ट्रीट हा सगळा पट्टा गुडघाभर पाण्यात जातो. सायलेन्सर बुडतोय असं दिसलं की मूठ सोडायची नाही, क्लच अर्धा धरून इंजिन एकसारखं फिरत ठेवायचं, म्हणजे पाणी आत ओढलं जात नाही. कॉलेज स्ट्रीटवरून पुस्तकं घेऊन येताना ती पोटाशी, रेनकोटच्या आत. माझ्या पहिल्या अनुवादाचं मूळ पुस्तक असंच घरी आलं, त्याची शेवटची वीस पानं अजून फुगलेली आहेत.

आणि ट्रामचे रूळ. 1873 साली या शहरात ट्राम आली, 1902 पासून ती विजेवर चालू लागली, आणि दुचाकीवाल्यांना तिनं एक धडा कायमचा दिला. रूळ तिरके ओलांडायचे नाहीत. ओल्या रुळावर टायर तिरका आला की काहीही करायला वेळ मिळत नाही. जमेल तितका काटकोन करायचा, ब्रेकला हात लावायचा नाही, मूठ तशीच ठेवायची. मी हे शिकले 2004 च्या जुलैत, गरियाहाटजवळ, आडवी पडून. सत्ताविसाव्या वर्षी माणूस पडतं आणि उठतं, या दोन क्रियापदांच्या मध्ये काही नसतं. उठले, आरसा वाकला होता तो सरळ केला, आणि तासभरात वर्गावर शिकवायला उभी राहिले. आता बरेचसे रूळ डांबराखाली गेलेत. 2024 च्या सप्टेंबरात तर सरकारनं मैदानातला एक मार्ग सोडून ट्राम बंद करायचा मनोदय जाहीर केला. दुचाकीवाली म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

बुलेट घेतली 2011 साली, चौतिसाव्या वर्षी. क्लासिक 350. तेव्हा नंबर लावून सहा-सात महिने थांबावं लागायचं. अण्णांना फोन केला तर ते म्हणाले, “चेतकसारखं झालं की मग.” का घेतली याचं प्रामाणिक उत्तर असं की पैसे पहिल्यांदाच थोडे जमले होते, मुलगा शाळेत जायला लागला होता, आणि मला जाणवत होतं की आत्ता घेतली नाही तर घेणार नाही. त्या गाडीला घाई नसते. स्प्लेंडर सतत काहीतरी बोलत असते. बुलेट हुंकार भरते आणि थांबते, पुन्हा भरते. पहाटे चारला निघून दुर्गापूर एक्सप्रेसवेनं शक्तिगढला जायचं, तिथं ल्यांचा खायचा, ऊन चढायच्या आत परत. लांबुळका, काळपट-तांबूस, पाकातला गोड पदार्थ तो. पहाटे सहा वाजता खाण्यासारखा अजिबात नाही, म्हणूनच छान लागतो. कधी कोलाघाट, कधी डायमंड हार्बर, दोनदा शांतिनिकेतन.

नवरा मागं बसायचा. तो रसायनशास्त्र शिकवतो आणि त्याला कुठलंच वाहन येत नाही. ‘सप्तपदी’ या 1961 सालच्या सिनेमात उत्तमकुमार मोटरसायकल चालवतो आणि मागं सुचित्रा सेन बसते, हे दृश्य बंगाली माणसाच्या मनात प्रेमाची व्याख्या म्हणून कोरलेलं आहे. आमच्याकडे जोडी उलटी होती. सिग्नलला शेजारच्या टॅक्सीतून हमखास कुणीतरी त्याच्याकडे सहानुभूतीनं बघायचं. तो शांतपणे हात हलवायचा.

बदल कधी सुरू झाला ते नेमकं सांगता येत नाही. आधी शक्तिगढ लांब वाटायला लागलं. मग डाव्या हाताचा अंगठा क्लचनं दुखायला लागला. मग रात्री समोरून येणाऱ्या एलईडी दिव्यांनी डोळ्यांपुढं पांढरं होऊ लागलं, तेव्हा मी अंधार पडायच्या आत परतायची पद्धत पाडली आणि तिला शिस्त असं नाव दिलं. 2022 च्या हिवाळ्यात सदर्न अॅव्हेन्यूवर गाडी वळवताना मी पडले. पडले म्हणजे काय, गाडी जवळजवळ उभीच होती. वळताना डावा पाय टेकवला, तिथं खडी होती, पाय सरकला, आणि तो सगळा भार अगदी सावकाश, एखाद्या वडीलधाऱ्या माणसानं सतरंजीवर बसावं तसा आडवा झाला. लागलं काहीच नाही. दहा माणसं जमली. एकानं पाणी आणलं, एकानं प्रेशर तपासायला सांगितलं, एका काकांनी बाईनं एवढी जड गाडी का चालवू नये यावर जोरदार भाषण केलं आणि ते चालू असतानाच दुसऱ्या दोघांबरोबर गाडी उचलायला हातही लावला. मीही लावला. आडवी गाडी उचलायची रीत मला माहीत आहे: तिच्याकडे पाठ करायची, सीटला ढुंगण टेकवायचं, हँडल आणि कॅरियर धरायचं आणि पायांच्या जोरावर उलटं चालत जायचं. कितीदा तरी मुलींना शिकवलंय. त्या दिवशी दहाजणांमध्ये माझे पाय थरथरत होते हे मलाच कळत होतं.

टी. ई. लॉरेन्सची आठवण मला तेव्हापासून येऊ लागली. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जग त्याला ओळखतं, पण आमच्या धंद्यात तो ‘ओडिसी’चा अनुवादक. 1932 साली टी. ई. शॉ या नावानं त्याचा इंग्रजी गद्य अनुवाद आला. ब्रॉ सुपीरियर कंपनीच्या एकामागून एक सात मोटरसायकली त्यानं चालवल्या, आठवीची ऑर्डर दिलेली होती. 1935 च्या मेमध्ये डॉर्सेटमधल्या आपल्या घराजवळ दोन सायकलवाल्या मुलांना चुकवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. सेहेचाळीस वर्षांचा होता. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यविशारदानं नंतर डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि ब्रिटिश सैन्यातले मोटरसायकलस्वार हेल्मेट घालू लागले. आमच्या इथं 2016 साली ‘सेफ ड्राइव्ह, सेव्ह लाइफ’ मोहीम निघाली, हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असा नियम आला, तेव्हा पंपावर भांडणाऱ्या पोरांना मी ही गोष्ट सांगितली होती. त्यांनी ती नीट ऐकली आणि मग माझं हेल्मेट उसनं मागितलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट; कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली. आमचं घर गावभागात. अण्णा आणि आई आधीच विश्रामबागेत मावशीकडे गेले होते, माणसं वाचली. एम-80 अंगणात राहिली. पाणी उतरल्यावर मी पोचले तेव्हा घरभर गुडघाभर गाळ होता, आणि गाडी कडेला भिंतीला टेकून, आरशावर वाळलेलं शेवाळ. अण्णा शहात्तर वर्षांचे. घरातल्या भिजलेल्या गाद्या, फुटलेला फ्रिज, आईच्या साड्या यांपैकी कशाकडेही न बघता ते गाडीपाशी उभे होते.

त्याआधीच्या वर्षात ते दोनदा पडले होते. एकदा मारुती रोडवर, एकदा हरिपूरच्या वाटेवर. रोज संध्याकाळी ते हरिपूरला जायचे, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथं त्यांचे तिघे मित्र. पूर्वी हळदीची पेवं होती तो भाग, जमिनीखाली हळद साठवायची. त्यांपैकी एकाचं पेव 2005 च्या पुरात गेलं होतं, त्याची चर्चा चौदा वर्षांनीही संपली नव्हती. त्यांचं तिथं जाणं म्हणजे गाडी होती. मी कोलकात्यात बसून रोज संध्याकाळी साडेसातला आईला फोन करायची, आले का? आले की मग जेवायचे.

मेकॅनिक ओळखीचा, अण्णांच्या चेतकच्या वेळेपासूनचा. तो म्हणाला, “ताई, इंजिन खोलू, ऑइल बदलू, वायरिंग नवीन टाकू. होतंय. पाण्यातनं असल्या शंभर निघाल्यात.” मी त्याला म्हटलं, “होत नाही म्हणून सांगा.” तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, “पार्ट मिळत नाहीत म्हणा. गाडी बंद झालीय कंपनीत, त्यांना पटेल.” त्यानं दोन दिवसांनी तसं सांगितलं. अण्णा म्हणाले, “बरं.” गाडी भंगारात गेली. मला पहिल्यांदा त्या रात्री गाढ झोप लागली, हेही लिहायला पाहिजे.

रिक्षानं जा, असं आम्ही सगळे म्हणालो. ते आठवडाभर गेले रिक्षानं. मग रिक्षावाला थांबून राहतो, गप्पा मारता येत नाहीत, असं म्हणाले. मग मित्रच आता फारसे येत नाहीत, असं म्हणाले. मग पुढच्या मार्चमध्ये सगळं जगच बंद झालं. 2022 च्या फेब्रुवारीत ते गेले. शेवटची दोन वर्षं ते बहुतेक वेळ अंगणातल्या खुर्चीवर असायचे, जिथं गाडी उभी राहायची त्याच्या शेजारी. मी हे नवऱ्याला सांगितलं होतं, एकदाच, विमानतळावरून घरी येताना.

म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये माझा मिस्त्री जे बोलला ते ऐकून मी आधी काही समजलेच नाही. मल्लिकबाजारात त्याचं दुकान, सर्क्युलर रोडला लागूनच. जुन्या मोटारी उघडून त्यांचा खिळा न् खिळा विकणारा तो बाजार; बुलेटचा पार्ट तिथं मिळाला नाही तर जगात कुठं मिळायचा नाही. खांदा जरा हलायला लागला होता, गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती. मिस्त्री हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, “दीदी, दादांनी फोन केला होता. चेसिसला तडा गेलाय आणि तो जोडता येत नाही, असं तुम्हाला सांगायला सांगितलंय.” मग थोडा थांबून, खजील होऊन, “तडाबिडा काही नाही. पण दादांनी सांगितलंय.”

मी भडकले. रस्त्यावरच नवऱ्याला फोन लावला, तो वर्गात होता, उचलला नाही. मग तिथल्या बाकड्यावर बसले. मिस्त्रीनं चहा मागवला. चेसिसला तडा! ज्या माणसाला क्लच कुठल्या हाताला असतो ते ठाऊक नाही त्यानं कुठून तरी वाचून हा शब्द उचलला असणार. मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना, आणि मिस्त्री बिचारा माझ्याकडे बघून आणखीच घाबरला. हसताना माझ्या लक्षात आलं की सांगलीचा मेकॅनिकसुद्धा माणूसच होता. चेतकच्या दिवसांपासून अण्णांना ओळखणारा. त्याला अण्णांच्या तोंडावर खोटं बोलणं कितपत जमलं असेल?

अण्णांच्या कपाटात, पेन्शनच्या कागदांच्या फाइलमागं, मला एक नवा कोरा प्लग सापडला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सोबत बिल. तारीख नोव्हेंबर 2019 ची. गाडी भंगारात गेल्यानंतर अडीच महिन्यांची. एम-80 चाच प्लग. कशासाठी घेतला असेल? दुसरी जुनी एम-80 बघत होते? की मेकॅनिककडे गेले होते, बोलणं झालं होतं, आणि रिकाम्या हातानं परत यायला नको म्हणून? त्या मेकॅनिकला विचारता आलं असतं. त्याचा नंबर अजून माझ्याकडे आहे. विचारलं नाही.

नवरा रात्री घरी आला तेव्हा मी म्हटलं, “तडा कुठे गेलाय? पुढच्या बाजूला की मागच्या?” तो दारातच उभा राहिला. मग म्हणाला, “मला वाटलं, तुला असं सोपं जाईल.” “अण्णांना सोपं गेलं नाही,” मी म्हटलं. “मला विचारायचं होतंस.” “विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.” ते खरं होतं. जेवताना आम्ही दोघं फार बोललो नाही. मुलगा, वय वर्षं सतरा, मोबाइलमध्ये तोंड घालून सगळं ऐकत होता.

बुलेट मी ऑक्टोबरमध्ये विकली, पूजा संपल्यावर. माझ्या मनानं, माझ्या हिशेबानं. स्कूटर बघून आले होते, नव्या विजेच्या चेतकवरही एक चक्कर मारली. आवाज नाही, गिअर नाही, गुडघ्यांच्या मध्ये काही नाही. चांगली गाडी आहे, पण तिच्यावर मांड बसत नाही, खुर्चीत बसल्यासारखं वाटतं, आणि अंगणातल्या खुर्चीचं मी वर सांगितलंच आहे. पुन्हा स्प्लेंडर घेतली. एकशे दहा-बारा किलो, सत्त्याण्णव सीसी. मावसभावाच्या आरएक्सपेक्षा एकानं कमी. बटणावर चालू होते, किक फक्त दिलाशासाठी. मेन स्टँडवर ती एका हातानं चढते.

बुलेट घ्यायला आलेली मुलगी पंचविशीची होती, सॉल्टलेकमध्ये कुठल्याशा कंपनीत नोकरीला. तिनं गाडी सुरू केली, गल्लीच्या टोकापर्यंत नेली, वळवली. वळताना डावा पाय टेकवला, तेव्हा मी नको इतकी पुढं झाले. तिचा पाय सरकला नाही. पैसे ठरलेलेच होते, घासाघीस झाली नाही. कागदांवर सह्या झाल्यावर तिनं विचारलं, “आंटी, काही सांगायचंय का गाडीबद्दल?” ‘आंटी’ हे मला कुणी गाडीवर बसून पहिल्यांदाच म्हणालं. मी तिला ट्रामच्या रुळांबद्दल सांगितलं. ती म्हणाली, ते तर आता बुजवले ना. मग मी तिला आडवी गाडी उचलायची रीत करून दाखवली, कोरडीच, गाडी उभी असताना, पाठ करून, आणि नवरा गॅलरीतून बघत होता.

गेल्या महिन्यात स्प्लेंडरची पहिली सर्व्हिसिंग होती. मल्लिकबाजारात मिस्त्रीच्या पुढ्यात मी अण्णांचा प्लग ठेवला. बरीच वर्षं टेबलाच्या खणात, पेन्सिलींबरोबर पडलेला होता. त्यानं कागद उलगडला, अंगठ्यानं टोक पुसलं, उजेडात धरून फट पाहिली.

“एकदम नवा आहे, दीदी,” तो म्हणाला. “पण हा हिला बसायचा नाही. याचा आटा मोठा आहे.” आणि त्यानं तो पुन्हा त्याच कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला.